संत्र्याच्या शेडचा पाया

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर, एका मंगळवारी सकाळी, काटोल रोडवरच्या संत्रा उत्पादकांच्या शेडमधला काँक्रीटचा पाया फोडायला सुरुवात झाली. पाया नवा होता. त्यात दोष नव्हता. फोडण्याचा हुकूम माझ्या धाकट्या भावानं दिला. तो दिला तेव्हा मी तिथं हजर होतो.

शेड नरखेड तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या कंपनीची. भाऊ तिचा अध्यक्ष. बगीचे तिकडे, पण शेड नागपूरच्या अंगाला बांधली, कारण इथे वीज कमी जाते आणि कळमन्याचा बाजार जवळ पडतो. आत बसवायचं यंत्र तुर्कस्तानातल्या एका कारखान्यातून आलं होतं. संत्री धुणं, वाळवणं, त्यांच्यावर मेणाचा पातळ थर चढवणं आणि आकारानुसार ती वेगळी करणं, एवढी कामं ते एका ओळीत करतं. सभासद त्याला नुसतं मशीन म्हणत.

संत्र्याला दोन बहार. मृग बहाराचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, आंबिया बहाराचा दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येतो. त्याआधीच व्यापारी बांधावर येतात, झाडावरचं फळ नजरेनं मोजतात आणि सगळा बगीचा उक्ता, म्हणजे एकरकमी, मागतात. बहुतेक शेतकरी देऊन टाकतात. त्या उन्हाळ्यात भाऊ गावोगाव फिरला आणि म्हणाला, यंदा कोणी उक्तं देऊ नका, मशीन लागते, आपला माल आपण भरू. लोकांनी त्याच्या शब्दावर व्यापाऱ्यांना परत पाठवलं. पिकलेलं फळ झाडावर फार थांबत नाही, गळतं. त्यामुळे आंबियाच्या तोडणीआधी मशीन चालू होणं, एवढीच गोष्ट त्या महिन्यात महत्त्वाची होती. न झाल्यास कोणाला जाब विचारायचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी नागपुरात एका इंग्रजी दैनिकाच्या बातमी-डेस्कवर नोकरी करून निवृत्त झालो. भावाला इंग्रजी वाचता येतं, बोलायचं तो टाळतो. मशीन बसवायला आलेल्या फिटरला तुर्कीशिवाय काही येत नव्हतं. कारखान्यानं व्हिडिओ कॉलवर एक दुभाषी बाई दिली होती. ती तिकडे, समुद्रकाठच्या एका शहरात बसून तुर्कीचं इंग्रजी करायची. इंग्रजीचं मराठी मी करायचो आणि मराठीचं इंग्रजीही. फोन एका रिकाम्या क्रेटवर उभा करून ठेवलेला असे. बोलणं असं तीन भाषांतून जात असल्यामुळे साध्या प्रश्नालाही वेळ लागायचा, आणि त्या वेळात दोन्ही बाजू एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत उभ्या राहायच्या.

भांडणाची सुरुवात पायापासून झाली नाही. ती कराराच्या दिवशीच झाली. करार इंग्रजीत होता. त्यात लिहिलं होतं, की मशीन वेळेत उभं करण्यासाठी कारखाना रिझनेबल एफर्ट्स करील. भावानं मला विचारलं, "म्हणजे करतीन का नाही करत?"

मी म्हणालो, वाजवी प्रयत्न करतील.

"वाजवी म्हणजे कितीक?"

मी सांगितलं, की इंग्रजी करारात प्रयत्नांच्या पायऱ्या असतात. वाजवी ही खालची पायरी. त्याच्यावर बेस्ट. कोर्टात गेलं तर वकील त्यातला फरक समजावून सांगतात.

"अन् काम होईन, हे कोण्या पायरीवर लिव्हलं आहे?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या दिवशीही कॉलवर तीच दुभाषी बाई होती; तिला मी तसं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, की आमचे लोक खूप झटतील, काळजी करू नका. भावानं मान फिरवली. जो काम करणार नसतो तो आधी झटण्याचं बोलतो, असं त्याचं मत होतं. माझंही फारसं वेगळं नव्हतं. डेस्कवर आम्ही ‘प्रशासनाचे प्रयत्न सुरू आहेत’ हे वाक्य आलं की कापायचो. पूल झाला किंवा झाला नाही. अथक परिश्रम, प्रयत्नांची पराकाष्ठा, जिवाचं रान, हे शब्द बातमीदारानं लिहिले म्हणजे त्याच्याजवळ बातमी नाही, असं धरलं जाई. इंग्रजीत ट्राइड हे क्रियापद दिसलं की पुढे अपयश येणार, हे नवशिक्या उपसंपादकालाही कळत असे.

फिटर सप्टेंबरच्या शेवटी आला. पन्नाशीचा, जाड मिशांचा, हातावर भाजल्याचे जुने डाग. दुभाषी बाई त्याला उस्ता म्हणायची, म्हणून शेडमधली पोरं त्याला उस्ताद म्हणू लागली. पहिल्या सकाळी तो आत शिरला आणि काम करणाऱ्या प्रत्येकाजवळ थांबून एकच वाक्य म्हणाला, "कोलाय गेल्सिन." वेल्डिंगवाल्याला म्हणाला, वायरमनला म्हणाला, चहा घेऊन आलेल्यालाही म्हणाला. मी बाईला अर्थ विचारला. ती म्हणाली, काम करणाऱ्याला आमच्याकडे असंच म्हणतात, तुझं काम सोपं जावो. न म्हणता जवळून निघून जाणं बरं दिसत नाही.

मी पोरांना सांगितलं. वायरमन म्हणाला, "सोपं असतं तं तुले कायले बोलावलं असतं गा?"

सगळे हसले. फिटरलाही हसू आलं, कारण त्याला वाटलं त्याचं वाक्य आवडलं. दुसऱ्या दिवशीही तो तेच म्हणाला, तिसऱ्या दिवशीही. तेव्हा कोणी हसलं नाही. वेल्डिंगवाला मला म्हणाला, "साहेब, त्याले सांगा, आमचं काम हलकं नाही. रोज रोज सोपं जावो, सोपं जावो लावून राहिला." मी हे सांगितलं नाही. सांगायचा विषय नव्हता.

फिटरची दुसरी सवय जास्त त्रासाची होती. रोज संध्याकाळी तो क्रेटसमोर बसून दिवसभराच्या कामाचा हिशेब द्यायचा, आणि त्यात काय झालं यापेक्षा किती सायास पडले हेच जास्त असायचं. अमुक बोल्ट बसत नव्हता, त्याच्याशी झुंजलो. मोटारीचा पट्टा तीनदा उतरवला. पाठ धरली. घाम डोळ्यांत गेला. बाई हे सगळं इंग्रजीत ही स्ट्रगल्ड, ही स्ट्रगल्ड व्हेरी मच, असं सांगायची.

एका संध्याकाळी भाऊ म्हणाला, "दादा, याले इचार, पट्टा बसला का नाही बसला?"

मी विचारलं. बसला होता.

"मंग हे रडगाणं कायचं?"

मी बाईला म्हणालो, कृपा करून स्ट्रगल्ड म्हणू नका. काय झालं तेवढं सांगा. आमच्याकडे यातून गैरसमज होतो आहे. ती चिडली. ती म्हणाली, मी त्याचे शब्द कमी करणार नाही. आमच्या भाषेत एखाद्या गोष्टीशी झुंजणं हा एक शब्द आहे, एखाद्या कामात घातलेले कष्ट हा दुसरा शब्द आहे, एमेक. ते कष्ट गुपचूप ठेवत नाहीत. ते मांडायचे असतात, म्हणजे समोरच्याला कळतं की काम नीट झालं आहे. ज्यानं नुसतं ‘झालं’ म्हटलं, त्यानं केलं की उरकलं हे कसं समजायचं?

मी म्हणालो, बघून.

ती म्हणाली, सगळं बघता येत नाही.

हे बोलणं तिथंच संपलं. मी भावाला त्यातलं अर्धं सांगितलं. तो म्हणाला, "आपल्या इथं कामाचा डंका पिटणाऱ्याले लोक काय म्हणतात, मालूम आहे ना तुले?" मला माहीत होतं. आमच्या घरात आईनं पाहुण्यांसाठी पहाटेपासून चुलीजवळ बसून पंचवीस पानांचा स्वयंपाक केला, तरी वाढताना ती म्हणायची, काहीच नाही केलं, साधंच आहे. वडिलांनी विहीर खणली. कोणी विचारलं की ते म्हणायचे, लागलं पाणी. कष्ट सांगणं म्हणजे समोरच्यावर उपकार चढवणं. भाऊ त्या घरात वाढला. मीही.

आता पायाबद्दल. शेडखालची जमीन काळी. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वर ठेवलेली जड वस्तू हळूहळू कलते. मेण चढवणारं आणि आकार निवडणारं मशीन कललं तर फळ भलत्याच खान्यात पडतं. म्हणून मे महिन्यात सभासदांनी पाया स्वतः घातला. ठेकेदाराला दिला नाही. ठेकेदार काळी माती पूर्ण काढणार नाही असं त्यांना वाटत होतं. नरखेडकडून माणसं ट्रॅक्टरनं यायची, दोन-तीन दिवस राहायची आणि पुढची तुकडी आली की परत जायची. मुरूम लागेपर्यंत काळी माती उकरली. खाली दगड रचले, त्यावर मुरूम ओतून रोलर फिरवला, सळया बांधल्या, मग काँक्रीट टाकलं. बायकांनी दगड डोक्यावरून वाहिले. उन्हात काँक्रीट तडकू नये म्हणून त्यावर पोती अंथरून दिवसरात्र पाणी मारलं. मी दोनदा जाऊन आलो होतो. दोन्ही वेळा भाऊ खड्ड्यात होता.

मशीनची मुख्य चौकट पायावर चढवायची वेळ आली, तेव्हा फिटरनं काम थांबवलं आणि क्रेटसमोर येऊन बसला. त्याला पायाबद्दल विचारायचं होतं. वरून त्यानं तो तपासला होता. पृष्ठभाग सपाट होता, कुठे उतार नव्हता.

बाईनं त्याचा प्रश्न सांगितला. हा पाया कोणी घातला आणि त्याच्यावर किती कष्ट पडले?

मी मराठीत विचारलं. भाऊ मोटारसायकलला टेकून उभा होता. मागे सात-आठ सभासद होते. भाऊ म्हणाला, "काही विशेष नाही. गावातले पोट्टे होते, टाकून देलं."

मी त्याला विचारलं, "असंच सांगू?"

"म्हटलं तसंच सांग. तू काहून त्याच्यात तिखटमीठ लावतं?"

मी सांगितलं. नथिंग स्पेशल, द बॉइज फ्रॉम द व्हिलेज वेअर अराउंड, दे पुट इट डाउन. बाईनं त्याचं तुर्की केलं. फिटरनं पायाकडे एकदा बघितलं. मग त्यानं दुसरा प्रश्न विचारला. ही माती वाईट आहे, मी रस्त्याच्या कडेला भेगा पाहिल्या आहेत. तुम्हाला तिच्याशी झुंजावं लागलं का?

भाऊ म्हणाला, "माती आहे, मातीसारखी."

फिटरनं विचारलं, खोल किती गेलात? भावानं हातानं दाखवलं, खाली. मी म्हणालो, नीट सांग, मुरूम लागेपर्यंत गेलो म्हणून सांग. भावानं माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "परीक्षा हाय काय? तो पास करणार हाय मले? मशीन त्यानं ठेवाव, चालू कराव, घरी जाव." मागचे दोघे-तिघे हसले.

मी बाईला मुरुमापर्यंत खणल्याचं सांगितलं, माझ्या शब्दांत. ती म्हणाली, हे तुम्ही सांगता की ते सांगतात? मी म्हणालो, मी सांगतो, मी पाहिलं आहे. ती म्हणाली, उस्ताला ज्यांनी केलं त्यांच्याकडून ऐकायचं आहे. तो म्हणतो, ज्या माणसानं या मातीत पाया घातला आणि ज्याला त्याबद्दल सांगायला एकही गोष्ट नाही, त्यानं तो नीट घातलेला नाही.

हे वाक्य मी मराठीत केलं. मला ते मऊ करता आलं असतं. केलं नाही.

भाऊ मोटारसायकलपासून सरळ झाला. "लबाड म्हणून राहिला मले."

"लबाड म्हटलं नाही. शंका आहे म्हणाला."

"एकच हाय."

बाईनं तोवर पुढचं सांगितलं. फिटर मशीन चढवायला तयार होता, पण त्याआधी पायाचा एक कोपरा, दोन हात लांब-रुंद, फोडून खाली काय आहे ते त्याला बघायचं होतं. नीट असेल तर दोन दिवसांत कोपरा भरून काम पुढे जाईल. कारखान्याची हमी त्याच्या शब्दावर होती; न बघता तो शब्द देणार नव्हता.

मी हे सांगितलं आणि वर म्हणालो, कोपऱ्यानं काही बिघडत नाही. मागच्या सभासदांपैकी एक, पांढऱ्या टोपीचा, म्हणाला, "पाहू दे ना गा. आपलं काय जाते?"

भाऊ फिटरकडे बघत होता. फिटर त्याच्याकडे. दोघांनाही एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं. भाऊ म्हणाला, "कोपरा कायले? पूरा फोडा. पूरा पाहून घे म्हणा त्याले. अन् मंग पुन्हा घालून दाखवतो, हेही सांग."

मला वाटलं रागात बोलतो आहे, सकाळपर्यंत उतरेल. मी फिटरला एवढंच सांगितलं, की उद्या ठरवू. सकाळी मी शेडवर पोचलो तेव्हा दोन ब्रेकर लागले होते आणि पायाचा मधला भाग फुटला होता. भाऊ स्वतः उभा राहून फोडून घेत होता. फिटर दाराशी उभा होता. तो फोनवर बाईला काहीतरी सांगत होता, आवाज चढवून. बाईनं मला विचारलं, त्यानं कोपरा मागितला होता, हे काय चाललं आहे? मी म्हणालो, अध्यक्षांचा निर्णय आहे.

"हाच तुमच्याकडचा प्रयत्न का?" तिनं विचारलं.



फोडायला आठवड्याच्या वर लागलं, कारण पाया मजबूत होता. ब्रेकरच्या टोकाची धार गेली, ती दोनदा बदलावी लागली. फुटलेल्या कडेला सगळे थर दिसू लागले. काँक्रीट, त्यात जाड सळया, खाली दाबून बसलेला मुरूम, त्याखाली एकमेकांत अडकवून रचलेले काळे दगड. फिटर खड्ड्यात उतरला. त्यानं हातानं मुरूम खरवडून बघितला, निघाला नाही. एक दगड हलवून बघितला, हलला नाही. तो वर आला, फोनसमोर उभा राहिला आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाला.

बाई म्हणाली, "तो म्हणतो, इथे खूप कष्ट घातले आहेत. त्यानं आयुष्यात असे पाये थोडेच पाहिले. तो विचारतो, या माणसानं हे का सांगितलं नाही?"

मी भावाला सांगितलं.

"त्याले सांग," भाऊ म्हणाला, "काही विशेष नाही." आणि तो ब्रेकरवाल्याकडे वळला. "तू काहून थांबला बे? मार."

त्यानंतर फिटर त्याच्याशी एकदाही बोलला नाही. नवा पाया घालून तो पक्का व्हायला महिना तरी लागणार होता. फिटरला पुढच्या कामावर जायचं होतं. तो मशीनचे उघडे भाग प्लास्टिकमध्ये गुंडाळून, प्रत्येकावर आपल्या हातानं खूण करून, ऑक्टोबर संपण्याच्या आत निघून गेला. जाताना त्यानं शेडमधल्या पोरांना ते वाक्य म्हटलं नाही, असं वायरमननं मला सांगितलं. मी त्या दिवशी नव्हतो.

सभा दिवाळीच्या आधी झाली, शेडमध्येच, फुटलेल्या पायाच्या कडेला सतरंज्या टाकून. तोवर गळ सुरू झाली होती. व्यापारी परत बांधावर फिरू लागले होते आणि या वेळी ते घाईत नव्हते. भावानं उभं राहून सांगितलं, की तुर्कानं आपल्याला खोटं ठरवलं, आपण त्याला दाखवून दिलं. पाया कसा होता हे आता त्यालाही माहीत आहे आणि कारखान्यालाही.

पांढऱ्या टोपीचे सभासद म्हणाले, "दाखवून देलं ते ठीक. संत्रे कुठं भरावं?"

"मृगाच्या मालाले मशीन तयार राहीन."

"अन् आंबिया?"

भाऊ म्हणाला, की प्रत्येकानं आपापलं बघावं लागेल यंदा. कोणीतरी मागून म्हणालं, "तुह्या अकडीपायी." भाऊ म्हणाला, "अकड नाही. इज्जत हाय. तुमचीच." मग थोडा वेळ सगळेच एकदम बोलत होते आणि त्यातलं काही नीट ऐकू आलं नाही.

सभेत एक सभासद बाई होत्या, साठीच्या, स्वतःचा बगीचा स्वतः बघणाऱ्या. त्या भावाच्या सासरच्या गावच्या, म्हणून तो त्यांना मावशी म्हणायचा. त्या बसूनच बोलू लागल्या. आवाज मोठा नव्हता, पण बाकीचे थांबले.

"मी एक इचारते, जावईबापू. हे जे दगड फोडले, हे कोणाचे व्हते?"

भाऊ म्हणाला, "आपले सगळ्यायचे, मावशी."

"मंग त्या माणसानं इचारलं, का कष्ट पडले काय, तवा तू काय म्हटलं?"

भाऊ फुटलेल्या कडेकडे बघू लागला.

"काही विशेष नाही म्हटलं. पोट्ट्यायनं टाकून देलं म्हटलं. मले शेडवरच्या पोट्ट्यायनं सांगितलं सारं. आता ऐक." त्यांनी उजव्या हातानं डावा दंड धरला. "मे महिन्यात मी इथं येऊन दगड वाह्यले. या हाताले सूज आली, ते श्रावणापर्यंत उतरली नाही. माह्या संगं माही सून व्हती. ते उन्हानं चक्कर येऊन इथंच, या खांबापाशी पडली. तिले पाणी पाजलं अन् पुन्हा टोपलं उचललं. रातच्यानं पोत्यावर पाणी मारायले आम्ही दोघी उठत जाओ. हे काही विशेष नाही काय?"

त्यांनी दंड सोडला.

"तुह्या एकट्याचे असते तं तू काहीही म्हण. तुह्या घरची रीत असन, आमचीबी हाय, आम्हीबी नाही सांगत कोणाले. पण इचारलं व्हतं ना त्यानं? सरळपणानं इचारलं व्हतं. तुले माहीत व्हतं, सांगितलं तं काम होते. नाही सांगितलं. अन् मंग आमचे दगड फोडले. कोणाले इचारून फोडले, सांग."

भाऊ म्हणाला, "मावशी, मी अध्यक्ष..."

"अध्यक्ष तू कागदावर हायस. दगड डोक्यावर व्हते."

एक तरुण सभासद मग उभा राहिला आणि त्यानं स्वतः किती दिवस खड्ड्यात होता ते सांगितलं. त्याच्यानंतर दुसरा. काहींनी सांगितलं, काहींनी नुसती मान हलवली. ट्रॅक्टर कोणाचा होता, डिझेल कोणाचं, कोण तापात आला होता, कोणाच्या घरी त्या आठवड्यात लग्न होतं आणि तरी कोण आला. ही माणसं वर्षानुवर्षं एकमेकांच्या शेतात राबली आहेत आणि माझ्या माहितीत त्यांनी हे कधी एकमेकांना बोलून दाखवलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते बोलत होते ते कौतुक म्हणून नव्हे. ते भावावरचा आरोप म्हणून बोलत होते, एकेक करून, त्याच्याकडे बघत. तो सगळा वेळ उभा होता. बसला नाही.

शेवटी पांढऱ्या टोपीच्या सभासदांनी विचारलं, नवा पाया घालायला कोण कोण येतं. बरेच हात वर झाले. मग त्यांनी विचारलं, अध्यक्ष हेच राहावेत असं किती जणांना वाटतं. हात वर झाले, पण पद टिकण्याइतके नव्हते. मावशींचा नव्हता.

परत येताना गाडीत भाऊ माझ्या शेजारी बसला होता. फेटरी गाव मागे पडलं. मग म्हणाला, "तुले समजत नव्हतं काय, मी काय म्हणून राहिलो ते?"

"समजत होतं."

"मंग त्याले काहून नाही समजावलं? तू तं इंग्रजीवाला."

"तू म्हणालास, म्हटलं तसंच सांग."

"तू पेपरवालाच राहिला, दादा. माणूस बोलते अन् तू छापते."

"आणि तू? मावशीला माहीत होतं त्याला काय ऐकायचं आहे. तुला नव्हतं?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "मालूम होतं," तो म्हणाला. "त्या बाईनं तुले सांगितलं, अन् तू मले, पहिल्याच हप्त्यात. कष्ट सांगा म्हणजे इस्वास बसते. म्हणूनच नाही सांगितलं. त्याच्या पुढी उभं राहून घाम दाखवू काय मी? मजुरी मांगायले गेलो होतो?"

मी म्हणालो, की यात मजुरीचा प्रश्न नव्हता.

"तुह्यासाठी नव्हता," तो म्हणाला. त्यानंतर तो माझ्याशी तीन महिने बोलला नाही.

नवा पाया डिसेंबरमध्ये घातला गेला. भाऊ आला नाही. त्याची बायको दोन दिवस येऊन गेली. कामावरचे फोटो आणि व्हिडिओ सभासदांनी कारखान्याला पाठवले, खणण्यापासून पाणी मारण्यापर्यंत रोजचे. त्याखाली इंग्रजी ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं. मावशींनी मला फोनवर सांगितलं, "किती खोल गेलो ते लिवा. कोणाले किती लागलं तेबी लिवा. लाजू नका." मी लिहिलं. कारखान्याकडून आलेल्या उत्तरात पाया तपासायची गरज नसल्याचं म्हटलं होतं.

फिटर फेब्रुवारीत परत आला. दुभाषी बाई या वेळी वेगळी होती. मशीन त्याच महिन्यात सुरू झालं आणि मृग बहाराच्या मालाचा पहिला ट्रक शेडमधून निघाला. त्यात मावशींचा माल होता, पांढऱ्या टोपीच्या सभासदांचा होता. भावाच्या मृगाच्या झाडांचा नव्हता. ती झाडं त्यानं जानेवारीतच व्यापाऱ्याला उक्ती दिली होती.